हाय-डेफिनिशन डिस्क आणि घरचा संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत संगणक दुरुस्तीचे काम करताना वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीत, ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट हाय-डेफिनिशन चित्र देणारी डिस्क, हातात घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढते. मुंबईचा चाकरमानी किंवा आखातातला भाऊ डिस्क आणतो, ती घरच्या संगणकात घातली जाते आणि काहीच लागत नाही. त्या वेळी जे प्रश्न विचारले जातात ते येथे एकत्र केले आहेत. 'ब्लू-रे' असे जेथे नुसते म्हटले आहे तेथे २००६ पासून बाजारात असलेली साधी डिस्क समजावी. तिच्याहूनही बारीक चित्राच्या फोरके (4K) डिस्कचा विचार वेगळ्या प्रश्नात केला आहे.

डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ब्लू-रे डिस्क चालेल का?

नाही. डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा तांबडा असतो, ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा असतो, आणि ब्लू-रेवरचा माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. कोणतेही सॉफ्टवेअर टाकून हा फरक भरून निघत नाही. खरेदी करताना 'कॉम्बो' ड्राइव्हकडेही नीट पाहावे: तो ब्लू-रे वाचतो, पण लिहितो फक्त सीडी आणि डीव्हीडी.

डिस्क आत जाते, फोल्डर दिसतात, फाइलही दिसतात, पण चित्रपट लागत नाही. ड्राइव्ह बिघडला आहे का?

बहुधा नाही. फोल्डर दिसत असतील तर लेसर, मोटर आणि केबल यांनी आपले काम चोख केले आहे. बीडीएमव्ही नावाच्या फोल्डरात स्ट्रीम नावाचा आणखी एक फोल्डर असतो आणि त्यात मोठमोठ्या एम२टीएस फाइल असतात. त्यांतली सर्वांत मोठी, वीस-तीस जीबीची फाइल म्हणजे बहुतेक वेळा चित्रपट. ती हार्डडिस्कवर कॉपीसुद्धा होते. उघडली की मात्र पडदा काळा राहतो किंवा त्यावर हिरवे-राखाडी चौकोन नाचतात, कारण फाइलमधला मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीवाचून न कळणाऱ्या कुलूपबंद रूपात असतो. डिस्क वाचता येणे आणि डिस्क पाहता येणे या येथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि ड्राइव्ह विकणारा सहसा पहिलीचीच हमी देत असतो.

चित्र पडद्यावर येण्यासाठी डिस्क, ड्राइव्ह, प्लेअर सॉफ्टवेअर, ग्राफिक्स, केबल आणि मॉनिटर अशा सहा जणांचे जमावे लागते. त्यांपैकी एकानेही नकार दिला की सारे थांबते, आणि नकार कोणाचा आहे हे पडद्यावर क्वचितच स्पष्ट लिहून येते. आमचा दुरुस्तीचा बहुतेक वेळ हा अडवणारा शोधण्यातच जातो.

ही कुलूपबंदी नेमकी चालते कशी?

डीव्हीडीचे सीएसएस नावाचे कुलूप ४० बिटांचे होते आणि ते १९९९ मध्येच फुटले. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे ब्लू-रेसाठी एएसीएस ही पद्धत आखताना दोन गोष्टींची काळजी घेतली गेली. कूटलेखन १२८ बिटांच्या एईएस पद्धतीचे ठेवले गेले, आणि एखादी किल्ली फुटलीच तर पुढच्या डिस्कवर ती रद्द करण्याची सोय कुलपातच करून ठेवली गेली.

परवाना घेतलेल्या प्रत्येक प्लेअरला किल्ल्यांचा एक संच दिलेला असतो आणि डिस्कवर 'मीडिया की ब्लॉक' नावाचा तक्ता असतो. प्लेअर आपल्या किल्ल्या त्या तक्त्याला लावून एक मधली किल्ली काढतो, तिच्यात त्या डिस्कचा ओळखक्रमांक मिसळून पुढची किल्ली तयार करतो, आणि तिने अखेरीस चित्रपटाची किल्ली उघडते. हा ओळखक्रमांक फाइल म्हणून कोठेही सापडत नाही. तो ड्राइव्ह स्वतः वाचतो आणि समोरच्या सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र तपासल्याशिवाय त्याच्या हवाली करत नाही. कोकणातल्या वाचकाला मी ड्राइव्हचे हे काम राखणदाराचे म्हणून सांगतो. वाडीच्या हद्दीवर बसून तो आल्यागेल्याची ओळख विचारतो, आणि त्याला न विचारता आत गेलेल्याला वाट सापडत नाही.

या राखणदाराकडे रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची यादी असते. नवी डिस्क आत गेली की तिच्यावरची ताजी यादी ड्राइव्ह आपल्या स्मृतीत उतरवून घेतो, आणि ती तेथून पुसता येत नाही. त्यामुळे महिनाभरापूर्वी व्यवस्थित चाललेली जुनी डिस्कसुद्धा, मध्ये एकदा नवी डिस्क घातल्यानंतर, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चालेनाशी होऊ शकते. गिऱ्हाईक शपथेवर सांगते की आपण संगणकात काहीही बदललेले नाही, आणि ते खोटे बोलत नसते. बदल डिस्कने केलेला असतो.

काही डिस्कवर याच्या जोडीला बीडी प्लस नावाचा दुसरा अडसर असतो. त्यात डिस्कवरचाच एक छोटा प्रोग्राम प्लेअरमधल्या आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या छोट्या संगणकात, चालतो, प्लेअरमध्ये कोणी ढवळाढवळ केली आहे का ते तपासतो, आणि मुद्दाम बिघडवून ठेवलेला चित्राचा भाग चालता चालता दुरुस्त करून देतो.

पैसे देऊन घेतलेला प्लेअर नवी डिस्क घातली की 'अपडेट करा' म्हणतो. हे टाळता येईल का?

टाळता येत नाही. २००७ च्या सुरुवातीला एका संगणकीय प्लेअरच्या स्मृतीतून किल्ल्या काढल्या गेल्या, त्या रद्द झाल्या, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो प्लेअर वापरणाऱ्या सर्वांना नवी आवृत्ती घेणे भाग पडले. टीव्हीखाली ठेवायच्या प्लेअरच्या पेटीपेक्षा संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये शिरणे सोपे असते, म्हणून सॉफ्टवेअरच्या किल्ल्या मुदतीच्या असतात आणि वरचेवर बदलाव्या लागतात.

ड्राइव्हच्या खोक्यात फुकट मिळणाऱ्या प्लेअरवर मात्र भरवसा ठेवू नये. मी स्वतः दुकानासाठी घेतलेल्या एका ड्राइव्हबरोबर असाच प्लेअर आला होता. पहिल्या काही महिन्यांत दोनदा अपडेट मिळाले, नंतर 'या आवृत्तीसाठी सेवा उपलब्ध नाही, पूर्ण आवृत्ती विकत घ्या' एवढाच निरोप येऊ लागला. ड्राइव्ह धडधाकट होता, डिस्क धडधाकट होती, आणि तरीही दोन्ही वस्तू फळीवर पडून राहिल्या. खोक्यावर 'ब्लू-रे प्लेअर सॉफ्टवेअर समाविष्ट' असे लिहिलेले असले तरी किती वर्षे, हे विचारल्याशिवाय त्याची किंमत शून्य धरावी.

विंडोजमध्ये ब्लू-रे चालवणारा प्लेअर आपोआप का नसतो? व्हीएलसीने काम भागेल का?

विंडोजमध्ये ब्लू-रे चित्रपट चालवण्याची सोय कधीच दिली गेली नाही. विंडोज ८ पासून तर डीव्हीडीचीही सोय काढून घेतली गेली. मॅकमध्येही ब्लू-रेची सोय नाही. त्यामुळे सायबरलिंकच्या पॉवरडीव्हीडीसारखा परवानाधारक प्लेअर वेगळा विकत घ्यावा लागतो.

व्हीएलसी हा उत्तम प्लेअर आहे, पण त्याच्याकडे एएसीएसचा परवाना नाही आणि तो किल्ल्या बरोबर आणत नाही. दुकानातून आणलेली कुलूपबंद डिस्क तो जशीच्या तशी उघडत नाही. ज्या डिस्कवर कुलूपच नाही ती मात्र तो आनंदाने चालवतो. मेनू जावा भाषेत लिहिलेले असल्यास संगणकात जावा असावी लागते.

संगणकाचे बाकी सारे काम मॉनिटरवर दिसते, फक्त ब्लू-रे लावली की पडदा काळा होतो. असे का?

देवगडहून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांचे प्रकरण येथे सांगण्यासारखे आहे. त्यांनी नवा संगणक, नवा ड्राइव्ह आणि परवान्याचा प्लेअर असे सर्व रीतसर घेतले होते. डेस्कटॉप दिसे, इंटरनेटवरचे व्हिडिओ चालत, मुलीच्या बारशाची जुनी डीव्हीडीही चाले. ब्लू-रे लावली की काळा पडदा आणि कोपऱ्यात एक त्रुटी क्रमांक. त्यांनी ड्राइव्ह दोनदा बदलून आणला होता. मॉनिटरची केबल पाहिली तेव्हा तिच्या टोकाला अंगठ्याएवढा पांढरा डबा लटकत होता: डिजिटल एचडीएमआय जोडणीचे जुन्या, अ‍ॅनालॉग व्हीजीएत रूपांतर करणारा कन्व्हर्टर. मॉनिटर जुना आणि फक्त व्हीजीएचा, म्हणून दुकानदाराने तो 'फुकट' दिला होता. संगणक दुकानातल्या टीव्हीला सरळ एचडीएमआयने जोडला आणि चित्रपट लगेच सुरू झाला.

कारण असे की कुलूप उघडल्यानंतरचे चित्र केबलवरून चोरले जाऊ नये यासाठी एचडीसीपी नावाची आणखी एक तपासणी असते. ती इंटेलने आखली. ग्राफिक्स आणि मॉनिटर केबलवरून एकमेकांची ओळख पटवून घेतात, त्यांच्यातले चित्र कूटबद्ध होऊन जाते, आणि ही ओळख एकदाच न होता चित्रपट चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा घेतली जाते. व्हीजीएच्या तारेतून ही बोलणी होऊच शकत नाहीत. त्यात भर म्हणजे एएसीएसच्या परवान्यातील अटींनुसार ३१ डिसेंबर २०१३ नंतर अशा डिस्कचे चित्र अ‍ॅनालॉग जोडणीवर देणारी नवी परवानाधारक उपकरणे विकता येत नाहीत. शाळांमधले आणि मंडळांचे जुने प्रोजेक्टर येथेच अडकतात.

डीव्हीआय या जुन्या डिजिटल जोडणीवर एचडीसीपी चालते, मात्र ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर या दोघांनाही ती येत असली पाहिजे. २००६-०७ च्या आसपासच्या कित्येक मॉनिटरना ती येत नाही. एकाच संगणकाचे चित्र दोन टीव्हींवर नेणारा स्वस्त स्प्लिटर हेही अडवणाऱ्यांपैकी एक नाव आहे. संशय आला तर मधली प्रत्येक वस्तू काढून टाकावी आणि एकच चांगली एचडीएमआय केबल सरळ लावून पाहावी. यापेक्षा नेमकी चाचणी मला अजून सापडलेली नाही.

भावाने दुबईहून आणलेली डिस्क येथे चालेल का?

ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत. अमेरिका आणि जपान 'ए' मध्ये येतात, युरोप, आखाती देश, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया 'बी' मध्ये, तर भारत, चीन आणि रशिया 'सी' मध्ये. दुबईच्या दुकानातली डिस्क फक्त 'बी' साठी बांधलेली असेल तर 'सी' वर लावलेला प्लेअर ती नाकारतो. सुदैवाने बऱ्याच डिस्क तिन्ही विभागांसाठी मोकळ्या असतात. खोक्याच्या मागे षटकोनी चिन्हात अक्षर असते ते पाहावे.

डीव्हीडीचा हिशेब वेगळा आहे. तेथे भारत ५ मध्ये आणि आखात २ मध्ये येतो, विभागाची नोंद ड्राइव्हमध्ये होते, आणि ती एकूण पाच वेळाच बदलता येते. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह त्याच विभागाचा होऊन बसतो. ब्लू-रेचा विभाग ड्राइव्हऐवजी प्लेअर सॉफ्टवेअर तपासते आणि तेथेही बदलांना मर्यादा असते. घरात दोन्ही देशांतल्या डिस्क येत असतील तर 'पाहू या बदलून' म्हणत बटण दाबण्यापूर्वी किती बदल शिल्लक आहेत ते वाचावे. फोरके ब्लू-रेला विभागच नाहीत, ही त्या प्रकारातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे.

फोरके अल्ट्रा एचडी ब्लू-रे संगणकावर पाहायची आहे. काय घ्यावे?

संगणक घेऊ नये. टीव्हीला जोडायचा स्वतंत्र प्लेअर घ्यावा. हे उत्तर ऐकून गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते याची मला कल्पना आहे, पण कारणे ऐकून घ्यावीत.

या डिस्क २०१६ मध्ये आल्या आणि त्यांच्यासाठी एएसीएसची दुसरी, अधिक कडक आवृत्ती आली. संगणकावर त्या रीतसर चालवायच्या तर किल्ल्यांचे काम प्रोसेसरच्या आतल्या बंदिस्त खोलीत व्हावे लागते. ती खोली म्हणजे इंटेलची एसजीएक्स ही सोय. ती असलेला सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा कोअर प्रोसेसर हवा, मदरबोर्डने ती चालू करू दिली पाहिजे, चित्र इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधूनच बाहेर पडले पाहिजे, आणि त्या वाटेवरच्या जोडणीपासून टीव्हीपर्यंत सर्वांना एचडीसीपी २.२ आली पाहिजे. त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर एचडीएमआय १.४ च होते, तेथे गाडी अडते. महागडे वेगळे ग्राफिक्स कार्ड येथे उपयोगाचे नाही. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नाही, म्हणून तो मार्गच बंद.

हे सगळे कोणी मेहनतीने जुळवून आणले, आणि मग इंटेलने अकराव्या पिढीपासून घरगुती कोअर प्रोसेसरमधून एसजीएक्स काढून टाकली. परिणामी सातवी ते दहावी पिढी एवढीच खिडकी उरली. आजचा नवा, दुप्पट वेगाचा संगणक ही डिस्क रीतसर चालवू शकत नाही आणि कोपऱ्यातला जुना चालवू शकतो. ज्याच्याकडे असा जुना संगणक चालू स्थितीत आहे त्याने तो मोडीत काढू नये, आणि त्याच्यावर नवे विंडोज चढवण्यापूर्वी प्लेअर बनवणाऱ्याने दिलेल्या अटी वाचाव्यात.

चित्रपट वीस मिनिटे चालतो आणि मग आवाज बंद होतो. स्पीकर तपासले, ठीक आहेत.

पडद्यावर सिनाव्हियाचा संदेश दिसतो का ते पाहावे. सिनाव्हिया म्हणजे आवाजातच मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण. २०१२ च्या फेब्रुवारीपासून नव्या परवानाधारक ब्लू-रे प्लेअरना ती ओळखणे बंधनकारक झाले. कुलूपबंद डिस्कसाठी असलेला आवाज कुलूप नसलेल्या प्रतीतून ऐकू आला, किंवा थिएटरमध्ये चोरून चित्रित केलेला निघाला, की प्लेअर थोड्या वेळाने आवाज बंद करतो किंवा चित्रपटच थांबवतो. मायक्रोफोनने पुन्हा ध्वनिमुद्रण केले तरी खूण टिकते. अशी तक्रार घेऊन येणारी डिस्क बहुतेक वेळा बाजारातून पन्नास-शंभर रुपयांना घेतलेली असते, आणि त्या प्रकरणात आम्ही काही करू शकत नाही.

विकत घेतलेल्या डिस्कची स्वतःपुरती प्रत काढली तर गुन्हा होतो का?

मी वकील नाही. कायद्यात काय लिहिले आहे एवढेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. कॉपीराइटने दिलेल्या हक्कांचे उल्लंघन करण्याच्या उद्देशाने संरक्षणाचे तांत्रिक उपाय ओलांडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. उद्देशाची ही अट महत्त्वाची आहे, कारण त्याच कलमात कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी सूट ठेवली आहे. मात्र दुसऱ्याला यात मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि कामाचा हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवावी, असेही तेथे म्हटले आहे. 'जरा एवढी डिस्क कॉपी करून द्या' असे काउंटरवर सहज म्हणणाऱ्यांना मी नोंदवही पुढे करतो. बहुतेकांचा विचार तेथेच बदलतो.

गणेशोत्सवात मंडपात पडदा लावून चित्रपट दाखवणे ही स्वतःपुरती गोष्ट राहत नाही. अस्सल, पावतीसह घेतलेल्या डिस्कवरही घरगुती वापरापुरतेच असे लिहिलेले असते, आणि जाहीर प्रयोगासाठी हक्कदाराची वेगळी परवानगी लागते.

आमच्या लग्नाची आणि गावच्या नमनाची ब्लू-रे छायाचित्रकाराने करून दिली आहे. तिलाही हेच सर्व नियम लागू होतात का?

नाही. कोऱ्या डिस्कवर लिहिलेल्या आपल्या स्वतःच्या चित्रीकरणावर यांपैकी कोणतेही कुलूप नसते. ती व्हीएलसीमध्ये चालते, जुन्या व्हीजीए मॉनिटरवर दिसते आणि हव्या तितक्या वेळा कॉपी होते. ती चालत नसेल तर कारण साधे असते: डिस्क वाईट लिहिली गेली आहे, ड्राइव्हची लेन्स मळली आहे, किंवा संगणक विंडोज एक्सपीचा आहे आणि त्याला डिस्कवरची यूडीएफ २.५० ही मांडणी कळत नाही.

अशी डिस्क हातात येताच तिची प्रत हार्डडिस्कवर घ्यावी. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले आहे. इतर उत्पादक आहेत, पण तालुक्याच्या गावी चांगली कोरी डिस्क मिळणे आजच कठीण झाले आहे.

यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मध्येच बंद का पडतो?

वीज अपुरी पडते. यूएसबी २.० चे तोंड ५०० मिलिअँपिअर देते आणि ३.० चे ९००. डिस्क वेग घेताना ड्राइव्हला जास्त लागते. संगणकाकडच्या बाजूला दोन टोके असलेली केबल मिळाली असेल तर ती दोन्ही लावावीत, आणि संगणकाच्या पुढच्या तोंडांऐवजी मागची वापरावीत.

समुद्राजवळच्या घरात डिस्क आणि ड्राइव्ह लवकर खराब होतात का?

डिस्क तितक्या होत नाहीत, जोडण्या होतात. हर्णै किंवा मालवणात समुद्राला लागून असलेल्या घरातली एचडीएमआय केबल दोन-तीन पावसाळ्यांनंतर काढून उजेडात धरली तर पिना कळकून हिरवट झालेल्या दिसतात. तरीही साधे चित्र जाते. ब्लू-रे लावली की दर काही मिनिटांनी दोन सेकंद पडदा काळा होऊन पुन्हा येतो, कारण एचडीसीपीची बोलणी मध्येच तुटतात आणि पहिल्यापासून सुरू होतात. लोक याला डिस्कचा दोष समजतात. केबल बदलावी, आणि संगणकाच्या बाजूची पिन स्पिरिटने पुसून घ्यावी.

ड्राइव्हच्या लेन्सवर दमट हवेने येणारा पांढुरका थर हा दुसरा त्रास. महिनोन्महिने न उघडलेल्या ड्राइव्हमध्ये तो हमखास येतो, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी एखादी डिस्क चालवावी. डिस्क पुसताना मऊ कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवू नये. थर इतका वरवर असल्यामुळे ब्लू-रेला कठीण लेप दिलेला असतो आणि ती डीव्हीडीपेक्षा कमी ओरखडते; थिनर किंवा पेट्रोल लावले तर मात्र तो लेप आणि डिस्क दोन्ही जातात.

डिस्क लागत नसल्यास दुकानात काय आणावे?

ज्या डिस्कवर अडते तीच डिस्क, संगणक आणि मॉनिटरला लावलेली तीच केबल, मध्ये कन्व्हर्टर किंवा स्प्लिटर असेल तर तोही. नुसता संगणकाचा डबा आणला तर आमच्या केबलवर आणि आमच्या टीव्हीवर सगळे सुरळीत चालते आणि घरी गेल्यावर पुन्हा काळा पडदा दिसतो. राजापूरहून एसटीने दोनदा खेपा घातलेली माणसे मला माहीत आहेत. मॉनिटर आणणे शक्य नसेल तर त्याच्या मागच्या बाजूचा, जोडण्या आणि मॉडेल क्रमांक वाचता येईल असा मोबाइलवर काढलेला फोटो पुरतो.